बोटीवरच्या माणसाची वकिलातीतली नोंद: ती कशी होते, कुठे चुकते आणि गोव्यात बसून तिची नक्कल कशी मिळवायची

माझ्या सामानाची सरकारी नोंद चार शब्दांची होती: ‘सूटकेस एक, कुलूप बंद.’ मी तेव्हा भारतीय झेंड्याच्या एका मालवाहू बोटीवर होतो. परदेशातल्या बंदरात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, बोट माझ्यासाठी थांबली नाही, आणि मी इस्पितळातून सुटून आपल्या वकिलातीत गेलो तेव्हा सूटकेस तिथे पोचलेली होती. आत कपडे होते. कॅमेरा नव्हता, बायकोसाठी घेतलेली साखळीही नव्हती. टेबलामागचा अधिकारी शांतपणे म्हणाला, “बोटीने जे लिहून दिलं, तेच मी लिहून घेतलं.”

तेव्हा संताप आला. आज वाटतं, त्याने कामाचं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं. कॉन्सुल, म्हणजे वकिलातीतला असा अधिकारी, बोटीवर नसतो. त्याच्यापुढे येतात ते कागद आणि ते आणणारी माणसं. त्यांच्याकडून जे कळतं ते तो नोंदवतो, शिक्का मारतो आणि जपून ठेवतो. म्हणून नोंद नीट व्हायची असेल तर ती होताना आपलं माणूस जागं असलं पाहिजे, आणि काय मागायचं ते घरच्यांनाही ठाऊक असलं पाहिजे. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची मंडळी माझ्याकडे कागद घेऊन येतात ती बहुतेक वेळा उशिरा येतात. हे लिहिलंय ते लवकर येणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी: झेंडा कुणाचा, पासपोर्ट कुणाचा

काहीही झालं तरी अर्ज लिहायला बसण्याआधी या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडा. बोटीचं राष्ट्रीयत्व तिच्या झेंड्यावरून ठरतं, माणसाचं पासपोर्टवरून, आणि दोघांच्या नोंदी दोन वेगळ्या दारांत जातात.

बोट भारतीय असेल तर दोन्ही दारं एकच. परदेशी बंदरातला भारतीय कॉन्सुल त्या बोटीपुरता जवळजवळ शिपिंग मास्टरचं, म्हणजे खलाशांची भरती आणि नोंदी पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, काम करतो. पण आपले कितीतरी लोक क्रूझवर असतात, आणि क्रूझ बहामास, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टाच्या झेंड्याखाली चालतात. त्या बोटीचं लॉगबुक (बोटीवरच्या घटनांची अधिकृत वही), खलाशांचा करार, अपघाताची चौकशी हे सगळं झेंड्याच्या देशाकडे जातं. आपल्या वकिलातीकडे येतो तो फक्त आपला माणूस: त्याचा पासपोर्ट, त्याची तक्रार, त्याचा मृत्यू. कंपनीचं ऑफिस मायामीत आहे म्हणून बोट अमेरिकन होत नाही. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

आता गोव्याचा खास गुंता. ज्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं, मग कपाटात जुना भारतीय पासपोर्ट असो वा नसो. त्याच्यासाठी परदेशात धावायचं ते पोर्तुगालच्या वकिलातीकडे. घरात एका भावाचा पासपोर्ट एक आणि दुसऱ्याचा दुसरा, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. ऐन वेळी भलत्याच वकिलातीला ईमेल करून दोन दिवस गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी: घरून निघण्याआधीचं पाकीट

पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या नोकरीची नोंद ठेवणारं पुस्तक), इंडॉस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला), नोकरीचा सही झालेला करार, भरती करणाऱ्या एजंटचा आरपीएसएल परवाना क्रमांक, या सगळ्यांच्या प्रती घरी ठेवा. परवाना खरा की खोटा ते डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या (म्हणजे जहाजवाहतुकीच्या केंद्रीय कार्यालयाच्या, थोडक्यात डीजी शिपिंगच्या) संकेतस्थळावर पाहता येतं. बोटीचं नाव लिहून ठेवाच, पण त्याहून महत्त्वाचा तिचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीतला बोटीचा कायमचा क्रमांक. बोट विकली जाते, नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा क्रमांक मात्र ती भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. नुसतं नाव लिहिलेला अर्ज दुसऱ्याच बोटीच्या फायलीत जाऊ शकतो, कारण एका नावाच्या अनेक बोटी असतात.

आणि स्पेलिंग! आपल्याकडे जन्माची नोंद पोर्तुगीज वळणाची, शाळेचा दाखला इंग्रजी वळणाचा, पासपोर्ट तिसऱ्याच वळणाचा. नाईक या आडनावाचा शेवट एका कागदावर ‘के’ने, दुसऱ्यावर ‘क्यू-यू-ई’ने. गावकरमधला ‘क’ कुठे ‘के’, कुठे ‘सी’. बापाचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धं. माणूस धडधाकट असतो तोवर हे चालून जातं. परदेशात कागद उभा करायचा झाला की बायकोचं नातंच सिद्ध होत नाही. नावातला बदल गोव्यात १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली रीतसर करून घेता येतो. तो सुट्टीवर असताना करा. ‘पुढच्या कॉन्ट्रॅक्टनंतर बघू’ हे वाक्य मी फार ऐकलंय.

करारावर जवळचा नातेवाईक आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे तेही पाहून घ्या. लग्नाआधी आईचं लिहिलेलं असतं आणि पोरं दहावीला गेली तरी तेच असतं.

तिसरी पायरी: भारतीय बोट असेल तर कॉन्सुल काय नोंदवतो

१९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ही चौकट घालून दिली. २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा संमत केला, म्हणून मी इथे कलमांचे आकडे देत नाही. तुम्हीही अर्जात देऊ नका. घटना, तारीख, बंदर आणि बोट लिहा. कलम अधिकारी शोधतो.

बोटीच्या बाजूच्या नोंदी थोडक्यात. परदेशी बंदरात कप्तान बदलला तर नव्या कप्तानाचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून कॉन्सुल सही करतो आणि तसं मुंबईला डीजी शिपिंगकडे कळवतो. भारतीय मालकाने परदेशात बोट विकत घेतली तर ती भारतीय बंदरात येईपर्यंत चालावी म्हणून कॉन्सुल तात्पुरतं नोंदणी प्रमाणपत्र देतो. १९५८ च्या कायद्यात त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने होती. वादळात माल भिजला किंवा बोट घासली तर कप्तान बंदराला लागताच, रिवाजाप्रमाणे २४ तासांत, कॉन्सुल किंवा नोटरीपुढे आपलं निवेदन नोंदवतो. त्याला नोट ऑफ प्रोटेस्ट म्हणतात. हा कागद मालक आणि विमा कंपनीच्या भांडणासाठी असतो खरा, पण त्याच वादळात तुमच्या मुलाचा हात मोडला असेल तर ‘त्या तारखेला समुद्र खवळलेला होता’ असं कप्तानानेच सहीनिशी सांगितलेलं असतं. दाव्यात तो उपयोगी पडतो, आणि कुणी मागत नाही.

खलाशाच्या बाजूला परदेशात भरती, नोकरी संपवणं, मागे ठेवणं आणि संकटात सापडलेल्याला परत पाठवणं या चार गोष्टी. परदेशी बंदरात भरती झालेला खलाशी करारावर कॉन्सुलच्या मंजुरीने सही करतो. मुदतीआधी कुणाला उतरवायचं किंवा आजारी म्हणून मागे ठेवायचं असेल तर कप्तानाला मनमानी करता येत नाही. कॉन्सुलची आधी मंजुरी लागते. ही जुनी शहाणीव आहे. अमेरिकेने १८०३ मध्ये कायदाच केला होता, की आपल्या बोटीच्या कप्तानाने परदेशी बंदरात बोटीचे कागद आपल्या कॉन्सुलकडे जमा करायचे आणि खलाशी उतरवला तर तीन महिन्यांचा पगार कॉन्सुलच्या हातात ठेवायचा. कागद अडकले की बोट गुपचूप सुटू शकत नाही, एवढी साधी युक्ती.

मागे राहणाऱ्याने नेमकं काय करायचं, हे मी सूटकेसच्या अनुभवावरून सांगतो. बोट सोडण्याआधी, स्ट्रेचरवर असाल तरी, सोबत्याला सांगून सामान उघडं ठेवून यादी करायला लावा: वस्तू, संख्या, रोख रक्कम कोणत्या चलनात किती. ‘एक बॅग’ ही यादी नव्हे. यादीवर कप्तानाची सही आणि जमलं तर दुसऱ्या एखाद्या खलाशाची सही. मोबाईलने फोटो काढून घरी पाठवा. आमच्या वेळी ही सोय नव्हती. मग थकलेल्या पगाराचा हिशेब: आगाऊ उचल किती, घरी गेलेली अलॉटमेंट किती, ओव्हरटाइम किती, कपात कशाची. यादी आणि हिशेब दोन्हींचा उल्लेख लॉगबुकात झाला का ते विचारा, कारण वकिलातीत पोचणारी यादी तिथूनच येते. वकिलातीत सूटकेस ताब्यात घेताना ती तिथेच उघडा. काही कमी असेल तर पावतीवर हाताने लिहा आणि मगच सही करा. मी आधी सही केली होती.

लॉगबुकाबद्दल एक बारकावा. नोंद घटनेनंतर शक्य तितक्या लवकर करायची असते आणि तीवर घटनेची व नोंदीची अशा दोन्ही तारखा लागतात. दोन तारखांत आठ दिवसांचं अंतर दिसलं तर ते अंतर हाच तुमचा मुद्दा. शिक्षेची किंवा दंडाची नोंद असेल तर ती खलाशाला वाचून दाखवायची असते आणि त्याचं म्हणणंही लिहून घ्यायचं असतं. ‘काही म्हणणं नाही’ असं लिहू देऊ नका, म्हणणं असेल तर.

साइन ऑफ करताना, म्हणजे नोकरी संपवून बोट सोडताना, सीडीसीतली ओळ वाचून घ्या: चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, बंदर, सही, शिक्का. एक तारीख चुकली की परीक्षेला लागणारा समुद्रावरचा काळ कमी भरतो. बोट बंदरात आहे तोवर ती दुरुस्ती पाच मिनिटांची. नंतर पाच महिन्यांची.

परदेशी झेंडा असेल तर

इथे भारतीय कॉन्सुलला बोटीचं लॉगबुक मागवण्याचा तसा अधिकार नाही. पण १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या नागरिकाला मदत करणं हे त्याचं कामच आहे. पासपोर्ट हरवला तर तो इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. माणसाला अटक झाली तर त्याने मागितल्यावर स्थानिक पोलिसांनी वकिलातीला विनाविलंब कळवलंच पाहिजे. मात्र मागायचं त्याने. बोटीवर ड्रग्ज सापडलं म्हणून चौकशीला नेलेल्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पगार थकणं हा जास्त पसरलेला रोग. सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी, भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यातल्या व्याख्येप्रमाणे मालकाने घरी पाठवायचा खर्च उचलला नाही, अन्नपाण्यावाचून ठेवलं, किंवा कमीत कमी दोन महिन्यांचा पगार न देता हात वर केले, तर खलाशी ‘सोडून दिलेला’ ठरतो. अशा वेळी विमा कंपनीची हमी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च सोसते. त्या हमीचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो काढा.

तक्रार लेखी द्या. वकिलातीच्या ईमेलवर पाठवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही नोंदवा, म्हणजे क्रमांक मिळतो. त्यात बोटीचा आयएमओ क्रमांक, सध्याचं बंदर, बोटीवरच्या सगळ्या भारतीयांची नावं, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा, किती दिवसांचं पाणी-धान्य शिल्लक, एजंटचा परवाना क्रमांक, एवढं हवं. हीच प्रत डीजी शिपिंगला आणि युनियनला. भावना एका ओळीत, आकडे दहा ओळींत. छोट्या बंदरांत कधी कधी मानद कॉन्सुल असतो. तो सज्जन असतो, पण पासपोर्टचं काम त्याच्या हातात नसतं. तो फाइल दूतावासाकडे पाठवतो. त्याला भेटलात तरी दूतावासाला स्वतंत्र लिहा.

मुखत्यारपत्र: गोव्यात हे टळत नाही

गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून घर-जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. नवरा बोटीवर, सौदा म्हापशात. तेव्हा त्याने भारतीय कॉन्सुलपुढे सही करून मुखत्यारपत्र पाठवायचं. जुनी माणसं याला अजून ‘प्रोकुरासांव’ म्हणतात. कॉन्सुलपुढे झालेलं मुखत्यारपत्र रीतसर झालं असं न्यायालय गृहीत धरतं, हा त्याचा मोठा फायदा. मसुदा इथल्या वकिलाकडून आधी मागवा, त्यात सर्व्हे क्रमांक आणि गाव लिहा, आणि सही कॉन्सुलच्या समोरच करा, आधी नको. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं. लिफाफ्यावरची पोचल्याची तारीख फेकून देऊ नका.

माणूस गेला तर

हा भाग सावकाश वाचा, आणि देव करो, पुन्हा उघडायची वेळ न येवो.

सगळ्यात आधी लॉगबुकात नोंद होते: वेळ, कारण, आणि बोट समुद्रात असेल तर अक्षांश-रेखांश. बोट बंदरात लागल्यावर तिथला स्थानिक मृत्यूचा दाखला, गरज पडली तर शवविच्छेदन. मग भारतीय वकिलात. ती चार कामं करते: मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, पार्थिव नेण्यासाठी ना-हरकत पत्र, आणि सामान व पैसे यांच्याकडे लक्ष. विमानाने आणायचं तर शव टिकवल्याचं म्हणजे एम्बामिंगचं प्रमाणपत्र आणि शवपेटी सील केल्याचं प्रमाणपत्रही लागतं. कंपनीचा एजंट हे बहुधा करतो, पण प्रत्येक कागदाची प्रत पेटी दाबोळी किंवा मोपाला उतरण्याआधी ईमेलने मागून घ्या आणि नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मृत्यूची तारीख ताडून पाहा. दोन देशांच्या वेळेत फरक असल्याने तारीख एका दिवसाने हुकते, आणि विम्याच्या टेबलावर तो एक दिवस डोंगराएवढा होतो.

परदेशातल्या वकिलातीत रीतसर झालेली मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालीच झालेली मानली जाते. म्हणून पंचायतीत पुन्हा नोंद करायची धडपड करू नका. वकिलातीचं प्रमाणपत्र मात्र एक मागू नका, सहा मागा. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, शाळा, कोर्ट, प्रत्येकाला मूळ प्रत हवी असते. स्थानिक मृत्यूचा दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर तिथेच करून घ्या, आणि तो देश अपोस्टिल करारातला असेल तर अपोस्टिलही, म्हणजे कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून मारायचा शिक्काही, तिथूनच. गोव्यात बसून स्पॅनिश कागदावर तिथला शिक्का मिळवणं म्हणजे समुद्रात सुई शोधणं.

सामानाची यादी आणि पगाराचा शेवटचा हिशेब दोन्ही मागा. मी वर सूटकेसचं रडगाणं गायलं ते याचसाठी: इथे तर तक्रार करायला मालकच उरलेला नसतो. फोन, लॅपटॉप, अंगठी, लॉकरमधली रोकड यांची नावं घेऊन विचारा.

कंपनी पैसे देताना पावती पुढे करते. एमएलसीने यासाठी नमुना पावती ठरवून दिली आहे. करारात कबूल केलेली भरपाई घेतली तरी इतर कायदेशीर हक्क शाबूत राहतात असं तीत स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्यासमोरच्या कागदावर ते वाक्य नसेल आणि ‘आता कसलाही दावा उरला नाही’ असं असेल, तर कार्य होईपर्यंत सही नाही, असं एजंटला सांगा.

मग गोव्यातलं काम. नॉमिनीच्या हातात पैसा येतो म्हणून तो एकटा मालक ठरतो असं नाही. वारस कोण ते स्पेशल नोटरीपुढे वारसाचा दस्त करून ठरवायचं, ज्याला जुन्या बोलीत ‘आबिलितासांव’ म्हणत. वाटणीवर एकमत नसेल तर २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कार्यवाही. सामाईक मालमत्तेतला बायकोचा अर्धा वाटा आधी बाजूला निघतो. उरलेल्या अर्ध्याचीच वाटणी. दिरांनी हे न सांगितलेल्या दोन विधवा माझ्या ओळखीच्या आहेत.

माणूस समुद्रात बेपत्ता झाला आणि देह मिळाला नाही तर गोष्ट कठीण होते. एरवी सात वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. तेवढं थांबायचं नसेल तर पुरावा लागतो: शेवटचं कुणी पाहिलं ती लॉगनोंद, शोध किती तास आणि कुठे घेतला ते, किनारी बचाव केंद्राचे संदेश, सोबत्यांचे जबाब, झेंड्याच्या देशाचा चौकशी अहवाल. बोट पुढच्या बंदराला लागते तेव्हाच आपल्या वकिलातीला लेखी कळवून सोबत्यांचे जबाब नोंदवून घेण्याची विनंती करा. महिन्याभरात ती पोरं कॉन्ट्रॅक्ट संपवून पाच देशांत पांगतात.

नक्कल कशी मागायची

आधी सरळ वकिलातीला ईमेल: तुम्ही कोण, नातं काय, नात्याचा पुरावा, पासपोर्ट व सीडीसी क्रमांक, बोट, आयएमओ क्रमांक, बंदर, तारीख, कोणती नोंद हवी. ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं लिहिलं की काहीच येत नाही. उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज; परदेशातल्या भारतीय वकिलातीही त्यात येतात, ऑनलाइन भरता येतो, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो, म्हणून नात्याचे कागद अर्जालाच जोडा. भारतीय बोटीचं लॉगबुक आणि करार शेवटी शिपिंग मास्टरकडे जातात, तेव्हा तिकडे वेगळा अर्ज. परदेशी बोटीचं काही हवं असेल तर झेंड्याच्या देशाच्या सागरी प्रशासनाला लिहायचं. तिथे आपला माहिती अधिकार चालत नाही, पण मृताच्या वारसाला सहसा उत्तर मिळतं.

हल्ली काही जण पणजोबांच्या नोंदीही विचारायला येतात. मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या क्लबात, राहून ब्रिटिश कंपन्यांच्या बोटी धरणारे तारवटी, म्हणजे खलाशी, १९६१ पूर्वी पोर्तुगीज प्रजा होते, म्हणून भारतीय वकिलातीत त्यांचा शोध घेण्यात अर्थ नाही. ब्रिटिश बोटींचे खलाशी-करार पाहावे लागतात. १९३८ पर्यंतच्या करारांचा मोठा वाटा कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहे, आणि १९१५ सालच्या याद्या इंटरनेटवर फुकट शोधता येतात. शोधताना आडनावावर भिस्त ठेवू नका. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘गोवा’ टाका, वय अंदाजाने धरा, आणि नाव कारकुनाने कानाने ऐकून लिहिलंय हे लक्षात ठेवून मोठ्याने वाचत जा.